‘आहे’ आणि ‘होता’

ओगिनो, जपान
२२ एप्रिल १९५५

आत्याबाई, पाया पडते. मी पोचले. बोट बुडाली नाही आणि शेजारच्या शकुबाई म्हणत होत्या तसं मला कुणी परक्या बाजारात विकलंही नाही.

पत्रूभाऊ, तुम्ही टपाल वाटता, त्याबरोबर हे वाचण्याचंही काम तुमच्यावर टाकते आहे. हे वाचायला लागलात की आत्याबाई उठून आत जातील. जाऊ द्या. तुम्ही ओसरीवरच बसा आणि जरा मोठ्याने वाचा. स्वयंपाकघराची भिंत कुडाची आहे, सगळं ऐकू जातं.

आत्याबाई, मी निघाले त्या दिवशी तुम्ही मोह वेचायला गेलात. मोटार साडेनऊची होती आणि मोह वेचणं आठाच्या आत आटोपतं, हे तुमच्या सुनेला माहीत नाही होय? मोटार रानाच्या कडेने गेली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. टोपली भरून बाजूला ठेवलेली होती आणि तुम्ही झाडाखाली बसला होतात, रस्त्याकडे पाठ करून.

आदल्या दिवशी तुम्ही म्हणालात, “ज्यायनं माह्या पोराले नेलं, त्यायच्याच पोरी शिकवाले चालली तू?” हे लष्कराची लॉरी घेऊन ब्रह्मदेशाच्या सरहद्दीकडे गेले, त्याला अकरा वर्षं झाली. ‘बेपत्ता’ असा कागद आला, मग ‘मृत समजावे’ असा आला. पण तुम्ही ‘मेला’ हा शब्द घरात येऊ दिला नाही. ‘नेलं’ म्हणता. तुमचं बोलणं मी बोटीवर रोज आठवत होते. आज मात्र शाळेचंच सांगते.

इशिदाबाई इथल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. वर्ध्याच्या परिषदेला आल्या होत्या तेव्हा त्यांनी मला मुलींना सूत शिकवताना पाहिलं आणि दोन वर्षांसाठी बोलावलं. शाळा लाकडी आहे. दारात जोडे काढायचे, प्रत्येकीच्या जोड्यांना वेगळा खण. शाळा सुटली की मुली स्वतः फरशा पुसतात. ओलं फडकं दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून बेडकासारख्या धावत जातात. मीही एक फडकं घेतलं. बाकीच्या शिक्षिका घाबरल्या, पाहुणी पुसते म्हणून. इशिदाबाईंनी त्यांना सांगितलं, ही वर्ध्याच्या आश्रमात संडास साफ करून आली आहे, हिला अडवू नका.

मी इंग्रजी आणि सूतकताई शिकवते. इथे कुणाला ‘थ’ म्हणता येत नाही, म्हणून मी ‘भागाराता सेन्सेई’ झाले आहे. सेन्सेई म्हणजे गुरुजी. पहिल्या दिवशी वर्गात गेले तर अडतीस मुली एकदम उठून कमरेत वाकल्या. मीही वाकले. त्या पुन्हा वाकल्या. मी पुन्हा. शेवटी एकीला हसू फुटलं आणि तास सुरू झाला. फळ्यावर लिहिताना बांगड्या वाजतात, त्यामुळे माझ्या तासाला झोपता येत नाही अशी त्यांची तक्रार आहे.

भात रोजच मिळतो, पण चिकट, गोळाच होतो. तिखट नाहीच. माझ्या पेटीत जवसाच्या चटणीची पुडी निघाली. शकुबाईंनी दिलेली नाही, मी त्यांना विचारूनच पेटी बंद केली होती. मग कोणी ठेवली, ते मी विचारत नाही. नखभर लावून खाते, म्हणजे पुरेल.

राहते ती तोमे नावाच्या एका म्हाताऱ्या बाईच्या घरी. एकटीच असते बिचारी. तिचं पुढे कधी लिहीन.

भागरथा

ओगिनो
२६ जून १९५५

आत्याबाई, पाया पडते.

पत्रूभाऊंचं कार्ड मिळालं. लिहितात, ‘आई ऐकते. शाळेचं आलं की उठते, खाण्यापिण्याचं आलं की बसते. मोहाचं वाचलं तेव्हा म्हणाली, पुढचं वाच.’ तर आज धानाचंच लिहिते, म्हणजे तुम्ही उठणार नाही.

इथे रोवणी जूनमध्ये. शाळेला चार दिवस सुट्टी देतात, सगळ्या मुली चिखलात. तोमेची धानाची एक लहानशी बांधी आहे, आपल्या तळ्याखालच्या बांधीएवढी. मी लुगड्याचा काचा मारून उतरले तर बांधावर सगळं गाव गोळा झालं. परदेशी गुरुजी चिखलात कशी पडते, ते पाहायला आले होते. मी काही पडले नाही. त्यांचीही आपल्यासारखीच मागे सरकत रोवणी. पण आधी दोरी ताणतात, दोरीवर खुणा असतात, आणि खुणेखुणेला दोन-तीन काड्याच लावतात. आठवतं ना, शेतकी खात्याचा माणूस आपल्या मूल गावी आला होता, जपानी पद्धतीने धान लावा म्हणून? तुम्ही त्याला म्हणालात, “दोरी धरून धान कोन लावते? पोराचं बारसं हाय का?” तो बिचारा परत आला नाही. पण आत्याबाई, तो खोटं बोलत नव्हता. इथल्या एकेका बुंध्याला इतके फुटवे येतात म्हणतात की पाहून खरं वाटू नये.

माझा हात दोरीवर बसायला दुपार झाली. मग मात्र मी शेजारी रोवणाऱ्या दोघींच्या पुढे निघाले. तोमेने विचारलं, कोणी शिकवलं? मी म्हटलं, सासूने. सासूला इथेही वेगळा शब्द आहे, आणि तो ऐकला की बायकांचे चेहरे आपल्याकडच्यासारखेच होतात. पण तेरा वर्षांची पोर नांदायला आली, तिला धानाचे पऱ्हे उपटून रोवायला शिकवलं, आणि नवरा गेल्यावर माहेरी धाडायच्या ऐवजी तिच्या हाती पाटी दिली, अशी सासू त्यांनी ऐकली नव्हती. मी त्यांना मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं. तुमचं नाव इथे पाचपन्नास बायकांना माहीत आहे.

तोमे फार थोडं बोलते. तुमच्याएवढीच उंच, पण पाठीत वाकलेली. माझ्या डोक्यावर गवताची टोपी तिनेच बांधली. बांधावरच्या कुणीतरी विचारलं, ही कोण तुझी? ती म्हणाली, घरची योमे. योमे म्हणजे सून. सगळ्या हसल्या. मीही हसले.

तिला मुलगा होता. हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही.

पत्रूभाऊ, आज इतकंच. आत्याबाई उठल्या असतील तर पुढे वाचायला काही नाही, आणि बसल्या असतील तर त्यांना पाणी द्या.

भागरथा

ओगिनो
१३ नोव्हेंबर १९५५

आत्याबाई, पाया पडते.

मागच्या पत्रानंतर तुम्ही पत्रूभाऊंना पंधरा दिवस ओसरीवर चढू दिलं नाही, असं कळलं. त्यांचा दोष नाही, लिहिणारी मी. मग चार महिने मीच लिहिलं नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं. मला खरं अर्धं लिहायची सवय लागली होती. आज पूर्ण लिहिते. उठायचं असेल तर उठा, पण कुडाच्या भिंतीजवळ बसा.

तोमेच्या मुलाचं नाव त्सुनेओ. तो सैन्यात होता. त्याच साली, त्याच डोंगरांत गेला जिथे ह्यांची लॉरी गेली होती. मी ज्या खोलीत निजते ती त्याची खोली. आल्यापासून मला हे माहीत होतं. आणि माझा नवरा कुठे गेला, हे मी इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. इशिदाबाईंनासुद्धा नाही. विचारलं की मी म्हणायची, दूर आहेत.

मागच्या आठवड्यात वर्गात घरच्या माणसांवर वाक्यं लिहायला दिली. माझ्या मुली तेरा वर्षांच्या आहेत, लढाईतल्या जन्माच्या. अडतीसपैकी अकराजणींना वडील नाहीत. हजेरीपटात तशी खूण असते. हानाए नावाच्या मुलीने लिहिलं, ‘माझे वडील सुतार आहेत.’ तिच्या नावापुढे खूण आहे हे मला ठाऊक होतं. मी लाल पेन्सिलीने ‘आहेत’ खोडलं आणि वर ‘होते’ लिहिलं. सवयीने, काळ चुकला म्हणून.

ती उभी राहिली. अगदी हळू म्हणाली, “सेन्सेई, आमच्याकडे पेटी आली होती. पेटीत वडील नव्हते. आई म्हणते, ‘आहेत’ असंच लिही.”

मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून दुसरीने विचारलं, “सेन्सेईंचा नवरा आहे की होता?” तिच्या मनात खोट नव्हती. आम्ही तेच तर शिकत होतो. मी फळ्याकडे तोंड केलं आणि म्हटलं, पुढचं वाक्य लिहा. मला पुढचं वाक्यच आठवेना. तास संपल्यावर हानाएच्या वहीतली लाल रेघ रबराने खोडली. कागद फाटला.

आत्याबाई, अकरा वर्षं तुम्ही माझ्या बांगड्या फुटू दिल्या नाहीत. संक्रांतीला कासारणीला घरी बोलावून नव्या भरल्या. मला ना कुणी हळदीकुंकवाला बोलावलं, ना विधवांमध्ये बसवलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण तुमचा हात माझ्या हातावर होता. पण त्या दिवशी तेरा वर्षांच्या पोरीपुढे मला एका शब्दाचं उत्तर आलं नाही.

घरी आले आणि तोमेपुढे ह्यांचा फोटो ठेवला. तो लॉरीजवळचा, खाकीतला. तिने बराच वेळ पाहिला. वय विचारलं. मी बोटांनी बावीस दाखवले. मग ती उठून गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण आणून ठेवायची आणि जायची. मला राग आला नाही. असं रागावलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी राहायची मला सवय आहे.

तिसऱ्या दिवशी तिने कोनाड्यातून पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी काढली आणि माझ्यापुढे सोडली. सरकारकडून मुलाच्या अस्थी म्हणून आलेली पेटी. आत एक गोटा होता. नदीत असतो तसा, गुळगुळीत. आणि नावाची चिठ्ठी. तिने तो माझ्या हातात दिला. थंड होता. आम्ही दोघी रडलो असं लिहायला पाहिजे, पण रडलो नाही. तिने पेटी पुन्हा बांधली, आणि म्हणाली, कानेदाला विचारू.

कानेदा आमच्या शाळेचा शिपाई. वर्गातल्या शेगड्या पेटवतो, मोडलेली बाकं दुरुस्त करतो. मी असले की तो वर्गात येत नाही. एप्रिलपासून एकदाही आला नाही. मला वाटायचं, परक्या माणसाला लाजतो. तोमेने सांगितलं, तो त्या डोंगरांतून परत आलेला माणूस आहे. आपल्या हिंदुस्थानी लोकांना पाहिलेला.

मी तोमेला नाही म्हटलं. मला भीती वाटते. मी इथे शिकवायला आले हे खरं, पण अर्धंच खरं. त्यांनी नेलं असेल तर इथे कुणाला तरी माहीत असेल, हे मी मनात धरून बोटीत बसले होते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही वाट पाहत बसला असता. आता विचारायची वेळ आली तर पाय मागे येतो. मुलगा तुमचा आहे. विचारू का? तुम्ही हो म्हणाल तरच विचारेन.

भागरथा

ओगिनो
२० जानेवारी १९५६

पत्रूभाऊ, ही वेगळी चिठ्ठी फक्त तुमच्यासाठी. सोबतचं पत्र सकाळी वाचा, दिवस पुढे मोकळा असेल असं. आधी शकुबाईंना बोलावून आत्याबाईंजवळ बसवा. सावकाश वाचा. मध्ये थांबवलं तर थांबा, पण पत्र अर्धं ठेवून जाऊ नका. तुमच्यावर हे ओझं टाकते, मला क्षमा करा.

आत्याबाई, पाया पडते.

तुमचं कार्ड मिळालं. दहा महिन्यांत तुमचा पहिला शब्द. पत्रूभाऊंनी पत्ता लिहिला, खाली तुमचा अंगठा, आणि मध्ये एकच शब्द, “इचार.” मी ते कार्ड दोन दिवस पदराला बांधून हिंडले. मग विचारलं.

बर्फ पडतो आहे. घराच्या वळचणीपर्यंत येतो, दाराबाहेर वाट खणावी लागते. कानेदा ती वाट खणतच आला. ओसरीच्या कडेला बसला, आत ये म्हटलं तरी आला नाही. तो बोलायचा आणि इशिदाबाई मला इंग्रजीतून सांगायच्या.

त्याने आधी महिना विचारला. मी म्हटलं, कागदावर एप्रिल होता, इंफाळची सडक. तो म्हणाला, एप्रिलमध्ये आम्ही त्या सडकेवर होतो. लॉऱ्या अडवायचं काम आमच्या तुकडीकडे होतं.

मी विचारलं, पकडलेल्या माणसांना कुठे नेलं?

तो म्हणाला, “कुठे नेणार? आमच्याजवळच खायला नव्हतं. पावसात परत फिरलो तेव्हा आमचेच लोक वाटेवर बसले ते उठले नाहीत. त्या सडकेवरून इकडे कुणालाही आणलेलं नाही. जो तिथे राहिला तो तिथेच राहिला.”

मी फोटो पुढे केला. त्याने तो हातात घेतला नाही, वाकून पाहिला. म्हणाला, “या माणसाला मी ओळखत नाही. पण माझ्या हातून नाही, असं मी म्हणू शकत नाही.”

मग त्याने कपाळ फळीला टेकवलं आणि तसाच राहिला. तोमे भिंतीशी बसली होती. क्षमा केली, असं मी म्हटलं नाही, कारण तसं मला वाटत नव्हतं. पण बाहेरून त्याच्या पाठीवर बर्फ येत होता. मी म्हटलं, उठा. मला तेवढीच भाषा येत होती. तोमेने त्याला चहा दिला, तो त्याने प्याला आणि गेला.

आत्याबाई, आज नाव घेते, रागावू नका. सोमाजी गेले. त्यांना कुणी नेलं नाही. कुठल्या परक्या गावात ते आपली वाट शोधत नाहीत, उपाशी नाहीत, कुणाच्या कैदेत नाहीत. त्या सडकेवरच संपलं, बारा वर्षांपूर्वी. तुमच्याजवळ बसून हे सांगायला हवं होतं, ते चार हजार मैलांवरून कागदावर सांगते आहे. तुम्ही मला अक्षर दिलं, आणि त्याच अक्षरांनी मला हे लिहावं लागलं.

काल वर्गात मी मुलींना सांगितलं, माझा नवरा लॉरी चालवत होता. होता. हानाए माझ्याकडे पाहत राहिली, मग तिने वहीत खाली पाहून काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं नाही. कानेदा आज सकाळी मी असताना वर्गात आला, शेगडी पेटवली आणि गेला.

तुम्ही बोलवाल तर मी पहिल्या बोटीने येते.

भागरथा

मूल
१४ मार्च १९५६

बाई, मी पत्रू. आई सांगते तसंच लिहितो. शुद्धलेखन पाहू नका. मी मध्ये काही घातलेलं नाही.

भागरथे, तुहं पत्र आयकलं. शकू जवळ होती. पत्रूच रडाले लागला, तं मी त्याले म्हटलं, तू वाच, रडाचं काम माहं हाय. दोन दिवस काई केलं नाई. तिसऱ्या दिवशी ढोराले चारा टाका लागला, तं उठली.

बारावं वर्स लागलं म्हंजे विधी कराले चालते, असं भटजी सालभरापासून सांगून राह्यला होता. मी त्याले दारातून हाकलून द्यायची. आता मीच गेली. पळसाच्या पानाचं मानूस कराव लागते, तीनशे साठ पानं. आता पळसाले पान नाई, नुसतं फूल हाय. पत्रावळीसाठी वाळवून ठेवली होती, तीच घेतली. मीच मोजली. कोनाले हात लावू नाई देला. आमोशाले उमा नदीवर नेलं. वाळलेली पानं, लगेच जळली. सोमाचा चुलतभाऊ भैयाजी, त्यानं आग देली. मी पाहात होती. माहा पोरगा एवढा हलका नवता.

बाया आल्या. म्हने, भागरथाले लिहा, बांगड्या फोड, कुकू पूस. मी म्हटलं, ज्या हातानं माह्या पोराची खबर आनली त्या हाताले कोनी काई सांगाचं नाई. घाल नाई तं नोको घालू, तुह्या मनाचं. तू अठ्ठावीस वर्सांची हायेस. पुढंही कोनाचं घर कराव वाटलं तं मले इचारू नोको, सांगजो फक्त.

बोटीनं येऊ नोको. दोन वर्सं म्हटलं तं दोन वर्सं पुरी कर. अर्ध्यात पोरी सोडून येनारी मास्तरीन माह्या घरची नाई.

त्या शेगडीवाल्याले काय सांगाव, मले समजत नाई. माहा त्याच्यावर राग हाय, तो जानार नाई. पन त्यानं खोटं नाई सांगतलं. हे दोनी त्याले सांग.

तू रागावलेल्या म्हातारीच्या घरी राहाची सवय हाय म्हनून लिहिलं, ते मी आयकलं. मोह वेचाले गेली होती त्या दिवशी टोपली सातलेच भरली होती. मोटार गेल्यावरही मी बसली होती, हे तुले मोटारीतून दिसलं नसन.

आता तोमेबाईचं. नदीवर सोमाच्या नावानं तीळपानी सोडून झालं. मंग मी भटजीले म्हटलं, अजून एक ओंजळ सोडाची हाय. त्यानं नाव इचारलं. पत्रूनं तुह्या पत्रातून वाचलं, तं भटजीच्या जिभेले वळेना. गोत्र इचारलं. मी म्हटलं, मायच्या पोटचा होय ना, मंग तेच गोत्र. तो हात आखडून बसला. तवा मीच पान्यात उतरली आन मीच नाव घेतलं. सुनेव, असं म्हटलं. चुकलं असन. तिले सांग, बुढीची जीभ जड हाय, पन ओंजळ भरून होती.

घरी आली. बारा वर्सं मी तांदूळ धुताना एक मूठ जास्त टाकत होती. तो कवाही येईन म्हनून. तुले वाटे, बुढीले अंदाज नाई, रोज भात उरते. त्या दिवशी मूठ नाई टाकली. एकटीपुरताच भात केला, आन पुरला.

तू येशीन तवा दोघींचा मांडीन.